रिव्हर्बला काय म्हणायचं: प्रतिध्वनी, निनाद, घुमारा की आस?

परळच्या चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत आम्ही गाणी रेकॉर्ड करतो. लॅपटॉप, साउंड कार्ड, एक कंडेन्सर माइक. सोबतच्या मुलांना मिक्सिंग मराठीतून समजावताना रिव्हर्बपाशी, म्हणजे आवाजामागे खोलीत रेंगाळणाऱ्या आवाजापाशी, गाडी अडते. कुणी प्रतिध्वनी म्हणतं, कुणी निनाद, आमचे तबलजी सरसकट घुमारा म्हणतात. नेमका शब्द कोणता?

*

प्रतिध्वनी आधी बाजूला काढा. परतलेला आवाज मूळ आवाजापासून सुटा ऐकू येतो तेव्हाच तो प्रतिध्वनी. त्यासाठी मध्ये साधारण ०.१ सेकंद जावा लागतो, म्हणजे समोरची भिंत निदान १७ मीटरवर हवी. तुमच्या खोलीत ते होणे नाही. मिक्समध्ये डिले लावून ओळीचा शेवटचा शब्द पुन्हा उमटवता, त्याला मात्र खुशाल प्रतिध्वनी म्हणा.

रिव्हर्बला शाळेच्या विज्ञानात निनाद शब्द आहे आणि तो उत्तम आहे. भिंती, छत, फरशी यांवरून परतलेले असंख्य आवाज एकमेकांत मिसळतात, सुटे ओळखू येत नाहीत आणि हळूहळू विरतात. हार्वर्डमध्ये वॉलेस सॅबिन यांनी १८९५ पासून यावर काम केलं. आवाज ६० डेसिबलने उतरायला लागणारा वेळ, हे आजचं निनादाचं माप त्यांच्या कामातूनच आलं. रिव्हर्बच्या प्लगिनमध्ये (सॉफ्टवेअरमध्ये) 'डिके'पुढे, म्हणजे विरण्याच्या वेळेपुढे, जे सेकंद दिसतात, ते साधारण हेच.

आता घुमारा. इथे मला थांबावंसं वाटतं, कारण तबलजी चुकीचं बोलत नाहीत, ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल बोलताहेत. मराठीत काय काय घुमतं ते बघा: पारवा घुमतो, डग्गा घुमतो, कोकण-गोव्यातलं घुमट हे वाद्य घुमतं. सगळे खालचे, भरीव आवाज. घंटा कधी घुमत नाही, ती निनादते. पैंजण तर दोन्ही करत नाहीत, ते छुमछुमतात. म्हणजे घुमारा हा फक्त खर्जाकडच्या आवाजाचा फुगारा.

आणि तुमच्या खोलीचं दुखणं नेमकं तेच आहे. दहा फूट अंतरावरच्या दोन समांतर भिंतींमध्ये ५६ आणि ११२ हर्ट्झच्या आसपासचे सूर फुगतात. खोली चौरस असेल तर लांबी-रुंदी दोन्हीकडून तेच सूर, म्हणून त्रास दुप्पट. काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुषाचा मंद्र कोमल धैवत ११० हर्ट्झवर येतो. तेवढाच सूर रेकॉर्डिंगमध्ये अंगावर येत असेल, तर गळ्याला दोष देऊ नका. माइक खोलीच्या मध्यावरून आणि कोपऱ्यातून हलवून बघा. गोधड्या टांगल्याने वरचे आवाज मरतात, घुमारा तसाच राहतो. मग खोली कोंदट वाटते ती त्यामुळे.

म्हणून मुलांना दोन वेगळे शब्द द्या. निनाद आपण हौसेने घालतो, घुमारा काढतो. रिव्हर्ब वेगळ्या बसवर (मिक्सरमधल्या वेगळ्या वाटेवर) घ्या आणि त्या बसवर २०० हर्ट्झच्या खालचं कापा. निनाद राहील, घुमारा जाईल. डग्ग्याचा स्वतःचा घुमारा मूळ ट्रॅकवर आहेच, त्याला हात लावू नका.

*

निनाद पटला, पण 'आस' का सोडलीत? आमच्याकडे सतारीची, तंबोऱ्याची आस म्हणतात. सूर छेडल्यावर मागे रेंगाळतो तो.

*

आस वाद्याची, निनाद जागेचा. तंबोऱ्याची जवारी (घोडीवर तारेचा नेमका स्पर्श) नीट लागली असेल तर तारेतच आस असते, वेगळा रिव्हर्ब जवळजवळ लागत नाही. ढोलकीच्या चाटीला आस नाही, ती वाजली की संपली. तिला जागेचा थोडा निनाद दिला की ती कुठेतरी वाजतेय असं वाटतं. दोघांना एकाच मापाचा रिव्हर्ब लावला की तंबोरा गढूळ होतो. हे घरच्या मिक्समध्ये सर्रास ऐकू येतं.

गाण्याला रिव्हर्ब देताना प्री-डिले (मूळ आवाज आणि निनाद यांमधला वेळ) २०-३० मिलिसेकंद ठेवा. शब्दाचा आघात मोकळा राहतो आणि निनाद त्याच्या मागून येतो. मराठी गाण्यात शब्द कळलाच पाहिजे, म्हणून मी यावर फार भर देतो.

*

चाळीतच राहता, तर जिना वापरा की! १९४७ मध्ये शिकागोत बिल पटनम यांनी स्टुडिओच्या बाथरूममध्ये स्पीकर आणि माइक ठेवून निनाद मिळवला होता. शेवटची लोकल गेली की तळमजल्यावर स्पीकर ठेवून फक्त गळ्याचा ट्रॅक वाजवा, अर्थात शेजाऱ्यांना आधी सांगून, आणि तिसऱ्या मजल्यावर माइक लावा. आवाजाला मीटरमागे जवळपास ३ मिलिसेकंद लागतात. दहा मीटर वर पोचेपर्यंत ३० होतात, म्हणजे वर सांगितलेला प्री-डिले आयता मिळाला. हा ट्रॅक मूळ ट्रॅकशी जुळवायला सरकवू नका. दगडी जिना असेल तर निनाद लखलखीत येतो, लाकडी असेल तर जरा मवाळ.

*

जिन्याचं या शनिवारी करतो. शेवटची शंका: ड्राय-वेटला (रिव्हर्बविना आणि रिव्हर्बसह आवाजाला) कोरडा-ओला चालेल का?

*

कोरडा चालेल, 'आवाज कोरडा वाटतोय' असं आपण बोलतोच. ओला नको. गाण्याच्या संदर्भात ओला आवाज म्हटलं की दाटून आलेला गळा डोळ्यांपुढे येतो, आणि तो गायकाचा गुण आहे, बटणाचा नाही. 'निनाद किती मिसळलाय' असं विचारा, मुलं लगेच योग्य फेडरकडे हात नेतील.