चौथीचा गृहपाठ: मुलांकडून किती अपेक्षा धरायची?

चौथीच्या बाई, बीड जिल्हा
माझी जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा. तिसरी-चौथी माझ्याकडे. दिवाळी झाली की बऱ्याच मुलांचे आईबाप ऊसतोडीला जातात, मुलं आजीपाशी राहतात. आजीला अक्षरओळख नाही. रोज एक पान शुद्धलेखन, एक पाढा आणि धड्याखालच्या स्वाध्यायातले दोन प्रश्न देते. काही वह्या कोऱ्याच येतात. वरून तपासणीला आले की वह्या पूर्ण दिसायला हव्यात. मुलांना उभं करणं, मधली सुट्टी काढून घेणं मला पटत नाही. पण सवय तर लागायला हवी ना? तुम्ही काय करता?

पालक, पुणे
आमच्याकडे उलट आहे. तिसरीतल्या लेकीला प्रकल्प मिळतो आणि कार्डशीट कापत आम्ही बसतो. वही पूर्ण असते, पण तिनं काय केलं ते मला सांगता येत नाही. बाई, कोरी वही निदान खरं तरी सांगते.

निवृत्त मुख्याध्यापक, सातारा
बाई, शिक्षा करत नाही हे उत्तम. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाईच केली आहे.

आता वेळ मोजा. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त २ तास. तुमचं रोजचं काम पाऊण तासाचं धरलं तरी सहा दिवसांचे साडेचार तास होतात. तपासणीला येणाऱ्यांसमोर हा हिशोब ठेवा.

‘का ते सांगा’ छापाचे प्रश्न घरी देऊच नका. अडलं तर पोरानं विचारायचं कुणाला? ते वर्गातच होऊ द्यात. घरी असं द्या की आजीचा उपयोग होईल: एक ओवी ऐकून लिहून आण, आठवडी बाजारात काय घेतलं, किती पैसे परत आले ते मांड. पाढे मात्र सोडू नका, ते भांडी घासतानाही म्हणता येतात.

आणि शाळा सुटल्यावर पाणी भरणारी, धाकट्या भावाला सांभाळणारी पोर बेजबाबदार कशी? तिच्याकडून एवढंच मागा: वही स्वतः दप्तरात भरायची, आणि झालं नसेल तर परिपाठाआधी येऊन सांगायचं, ‘बाई, इथं अडलं.’ हे सांगायला मूल घाबरत असेल, तर आधी ती भीती घालवा. गृहपाठाचं नंतर बघू.

चौथीच्या बाई
सर, बाजाराचा हिशोब सोमवारपासूनच देते. पण काही घरांत संध्याकाळी दिवाच नसतो, त्यांचं काय?

शिक्षक, गेवराई तालुका
तुमच्याकडे हंगामी वसतिगृह, म्हणजे ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांची गावातच केलेली सोय, सुरू असेल तर मुलं संध्याकाळी जेवायला येतातच. जेवणाआधी अर्धा तास वह्या उघडून बसवा. आमच्याकडे चौथीची मुलं तिसरीच्यांना अडलेले शब्द सांगतात.