अंध चिंचिलाच्या डोळ्याला सतत पाणी येते

प्रश्न : लंडनमधील प्राणी-आश्रयगृहातून आम्ही नुकतीच एक अंध चिंचिला (दाट, मऊ केसांचा उंदरासारखा छोटा प्राणी) दत्तक घेतली असून तिच्या उजव्या डोळ्यातून सतत पाणी येते. तिची काळजी कशी घ्यावी?

उत्तर १ : याचे मूळ अनेकदा दातांत असते, कारण चिंचिलाचे दात आयुष्यभर वाढतात आणि वरच्या दाढांची मुळे लांबली की अश्रुनलिकेवर दाब येतो, म्हणून पशुवैद्यांकडून कवटीचा एक्स-रे अवश्य काढून घ्यावा. तोवर धूळस्नान (बारीक धुळीत लोळून अंग स्वच्छ करणे) बंद ठेवावे. माणसांसाठीचे थेंब कृपया घालू नका.

उत्तर २ : पिंजऱ्यातील फळ्या, पाण्याची बाटली आणि गवत यांची जागा मुळीच बदलू नये, कारण ती मिशांच्या स्पर्शाने आणि स्मरणाने वावरते. हात लावण्यापूर्वी हळू आवाजात बोलावे.

उत्तर ३ : उन्हाळ्यात खोलीचे तापमान २५ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नका, दाट केसांमुळे तिला उष्माघात लवकर होतो.