'हॅव' कुठे लावायचं आणि कुठे नाही?

भोसरीकर:
भोसरी एमआयडीसीत डिस्पॅचला आहे. शिक्षण मराठी माध्यमात, त्यामुळे इंग्रजी मेल लिहिताना घाम फुटतो. इंग्लंडच्या गिऱ्हाइकाला लिहिलं, 'वुई हॅव डिस्पॅच्ड द मटेरियल ऑन मंडे.' साहेबांनी 'हॅव' खोडलं. मग गिऱ्हाइकानं विचारलं, पेपर निघाले का? शहाणा होऊन 'वुई सेंट द पेपर्स' लिहिलं, तर म्हणे इथे 'हॅव' घाल! 'माल सोमवारी पाठवला आहे' हे मराठीत बरोबर ना?

पेठेतली मास्तरीण:
मराठीत बरोबरच आहे हो, गोची तिथेच आहे. आपल्या 'आहे'चं तारखेशी वाकडं नाही. 'शनिवारवाडा १७३२ साली बांधलाय' असं आपण बिनदिक्कत म्हणतो. इंग्रजीत १७३२ आलं की 'हॅज' बाहेर. यस्टरडे, लास्ट वीक, टू डेज अगो, ऑन मंडे, सगळ्यांना हाच न्याय. म्हणून 'व्हेन हॅव यू सेंट' नाही, 'व्हेन डिड यू सेंड'.
पेपरचं वेगळं. कधी पाठवले याच्याशी गिऱ्हाइकाला घेणंदेणं नाही, आत्ता ते वाटेत आहेत ना, एवढंच त्याला हवंय. तिथे 'हॅव'.

भोसरीकर:
मॅडम, मग 'सिन्स मंडे'ला 'हॅव' कसं चालतं? वार तर त्यातही आहे.

पेठेतली मास्तरीण:
चांगलं पकडलंत. 'सिन्स मंडे' म्हणजे सोमवारपासून आत्तापर्यंत, दोरी अजून तुटलेली नाही. इथे आपली मुलं उलटी चूक करतात. 'दहा वर्षं पुण्यात राहतो' म्हणून 'आय लिव्ह इन पुणे फॉर टेन इयर्स' लिहितात. हवं 'हॅव लिव्ह्ड'. माझ्या एका विद्यार्थ्यानं बायोडेटात नुसतं 'लिव्ह्ड' लिहिलं. मुलाखतीत पहिला प्रश्न आला, 'मग आता कुठे असता?' बिचारा कोथरूडातून बसनं गेला होता!
आणि एक गंमत. सकाळी अकराला 'आय हॅवन्ट हॅड टी धिस मॉर्निंग', दुपारी चारला तेच 'आय डिडन्ट हॅव टी धिस मॉर्निंग'. सकाळ संपली, 'हॅव' गेलं.

हिंजवडीचा हमाल:
आमचे क्लायंट अमेरिकन. ते सर्रास 'आय जस्ट सेंट इट', 'डिड यू ईट यट?' म्हणतात. मास्तरीणबाई लाल पेन काढतील.

पेठेतली मास्तरीण:
नाही काढणार, अमेरिकेत ते चालतं. ब्रिटिश माणूस तिथे बहुधा 'हॅव' घालेल. पण 'हॅव सेंट यस्टरडे' दोघांच्याही कानाला खटकतं.

भोसरीकर:
'द मटेरियल लेफ्ट ऑन मंडे. वुई हॅव सेंट द पेपर्स.' साहेबांनी एक अक्षर खोडलं नाही. आता पेपर खरंच निघालेत का, ते कुरिअरवाल्याला विचारतो.