वाळवंटातला हिवाळा : घरच्यांसोबतचे तुमचे अनुभव

नाताळची सुट्टी, संक्रांत किंवा माघी पौर्णिमा गाठून कच्छ, जैसलमेर, बिकानेरकडे सहकुटुंब गेलेल्या मुंबईकरांनी इथे जरूर लिहा. हॉटेलांची यादी नको. उन्हाळ्यात 45 अंशांच्या वर तापणाऱ्या त्या मुलखात माणसं निवांत जमतात ती थंडीत. तिथे तुमच्या घरातल्या लहानथोरांना काय करायला मिळालं, ते वाचायचंय. सुरुवात मीच करते.

विलेपार्ले
सासूबाई आणि दोन्ही मुलांना घेऊन आम्ही कच्छला गेलो. संध्याकाळी वांद्रे टर्मिनसहून निघालो, सकाळी भुज. तिथून धोरडो, म्हणजे पांढऱ्या रणाजवळचं गाव, साधारण 80 किलोमीटर. वाटेत भिरंडियारा गावात दुधाचा मावा खायचा, तो चुकवू नका. पावसाळ्यात समुद्राचं आणि पावसाचं पाणी रणात पसरतं, मग आटत जातं आणि मीठ उरतं. त्यामुळे दिवाळीत गेलात तर बरेचदा चिखलच दिसतो. पांढरं रण बघायचं तर डिसेंबरच्या मध्यानंतर जा.

रण उत्सवातली गाणी, नाच मुलांना आवडले. पण माझं मत विचाराल तर एक अख्खा दिवस बन्नीतल्या, म्हणजे रणाजवळच्या गवताळ भागातल्या, गावांसाठी ठेवाच. एका भुंग्यात, म्हणजे मातीच्या गोल घरात, तिथल्या बाईंनी मुलांना भिंतीवर माती थापून आरसे बसवायला शिकवलं. याला लिंपणकाम म्हणतात. सासूबाई कशिदा बघत बसल्या. त्यांना कच्छी येत नव्हतं, त्या बाईंना मराठी नाही. तरी टाके उसवणं, पुन्हा घालून दाखवणं बराच वेळ चाललं होतं. 26 जानेवारी 2001च्या भूकंपात असे कितीतरी भुंगे टिकले, कारण गोल भिंत धक्का सगळीकडे वाटून घेते. मुलगा नंतर भुजच्या स्मृतिवनात, म्हणजे भूकंपाच्या स्मारकात, हेच सगळ्यांना समजावून सांगत होता.

मुलुंड
ताई, आम्ही जैसलमेरचा मरू महोत्सव गाठला होता. माघी पौर्णिमेला धरून असतो, शेवट शहरापासून चाळीसेक किलोमीटरवरच्या सम गावच्या वाळूत. उंटांची सजावट, मिशांची स्पर्धा, साफा बांधण्याची स्पर्धा, सगळं आहे. आमचे बाबा गणपतीत मंडळाच्या पोरांना फेटे बांधून देतात. त्यांनी तिथल्या एका आजोबांना गाठलं आणि साफ्याची पद्धत विचारली. आठ-नऊ मीटर कापड, एकाने टोक धरायचं, दुसऱ्याने पीळ द्यायचा. दोघांचे हात इतके जुळले की बघणारे थांबले. आजोबांनी बाबांच्या डोक्यावर स्वतः साफा बांधला, बाबांनी त्यांना कोल्हापुरी फेटा. माझ्याकडे महोत्सवाचे शेकडो फोटो आहेत, पण घरात फ्रेम केलाय तो हाच.

रात्री मांगणियारांचं गाणं ऐकलं. हे मुसलमान कलावंत, यांचे यजमान पिढ्यान्‌पिढ्या बहुतेक राजपूत हिंदू. यजमानाघरी मूल झालं, लग्न निघालं की हे गायला हजर. कमायचा हे त्यांचं तंतुवाद्य, आणि खरताळ म्हणजे लाकडाच्या नुसत्या पट्ट्या! माझी मुलगी तबला शिकते. तिने एका मुलाकडून खरताळ धरायची कशी ते शिकून घेतलं.

बोरिवली
आजीआजोबांना न्यावं का, असं बरेच जण विचारतात. न्या. फक्त दिवसाच्या उन्हावर जाऊ नका. हवा कोरडी, आकाश निरभ्र, त्यामुळे वाळू झटकन निवते. दुपारी अर्ध्या बाह्यांत फिरलेली माणसं रात्री शेकोटी सोडत नाहीत. आमच्या तंबूत खोबरेल तेल थिजलं होतं. कानटोपी, पायमोजे, ओठांना तूप. उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो, म्हणून मागे रेलून बसायचं. गुडघे दुखत असतील तर उंटगाडी मिळते, आमच्या आईला तीच जास्त आवडली.

गिरगाव
आम्ही दत्तभक्त, म्हणून कच्छमधल्या काळा डुंगर या टेकडीवर गेलो. दत्ताचं देऊळ आहे, आणि तिथे कोल्ह्यांना प्रसादाचा भात ठेवायची जुनी प्रथा. वरून रण दिसतं. नातवाने प्रसाद ठेवताना जे हात जोडले, ते मी इथे घरी कधी पाहिले नव्हते.

गोरेगाव
कोणी खीचनचं लिहिलं नाही म्हणून लिहितो. जोधपूरपर्यंत सूर्यनगरी एक्सप्रेस, पुढे फलोदीजवळचं हे गाव. हिवाळ्यात मध्य आशिया, मंगोलियाकडून हजारो करकोचे येतात. तिकडे त्यांना कुरजां म्हणतात. गावकरी चुग्गाघरात रोज दाणे टाकतात, त्यासाठी गावातली आणि बाहेरगावी गेलेली कुटुंबं धान्य पुरवतात. 2025 मध्ये खीचनला रामसर, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, तो मला या माणसांचाच सन्मान वाटतो. एका घराच्या गच्चीवरून आम्ही बघत होतो. घरातल्या काकींनी बाजरीची रोटी आणि केर-सांगरीची वाळवंटी भाजी वाढली, पैसे घेतले नाहीत. मुलांनी दुसऱ्या सकाळी दाण्यांची पोती उचलायला मदत केली.

विलेपार्ले
दादा, खीचन आता आमच्या यादीत सगळ्यात वर. आरक्षणाचं विचारणाऱ्यांसाठी : रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. कालनिर्णयमध्ये पौर्णिमा बघा, तिथून मागे मोजा आणि त्या दिवशी सकाळी आठलाच तिकिटं काढा. बिकानेरच्या उंट महोत्सवाला जानेवारीत कोणी गेलं असेल तर पुढे लिहा. तिथे उंटांच्या अंगावरचे केस कापून नक्षी काढतात, ती मुलांना दाखवायची आहे.