ड्रायव्हरलेस गाड्या येणार असतील, तर पार्किंगचे मजले कशाला बांधायचे?

गिरगावकर
आमच्या चाळीचा पुनर्विकास ठरतोय. नकाशात खाली पाच मजले पार्किंग, सहाव्यापासून माणसं. इमारत उभी राहील पन्नास-साठ वर्षं. तोवर गाडी आपल्याला दारात सोडून स्वतःच जागा शोधायला जाईल. स्टुटगार्ट विमानतळाच्या पार्किंगमध्ये बॉश-मर्सिडीजच्या अशा व्यवस्थेला २०२२ मध्येच परवानगी मिळाली. आत कुणी बसलेलं नसल्याने दार उघडायला जागा सोडावी लागत नाही, गाड्या खेटून लावता येतात. तेव्हा पार्किंगचे मजले उतरते आणि बुटके बांधू नका. सपाट, घराच्या उंचीचे ठेवा, रॅम्प वेगळा काढा. उद्या तिथे दवाखाना, वाचनालय काहीही करता येईल. उतरत्या मजल्याचं गोडाऊनसुद्धा धड होत नाही.

पार्लेकरीण
रिकाम्या मजल्यावर वाचनालय! बिल्डर पाहिलाय का कधी?
आणि अहो, हा प्रयोग मुंबईत रोज चालू आहे. बीकेसीत साहेब उतरले की ड्रायव्हर काय करतो? पार्किंगचे पैसे वाचवायला एक चक्कर, मग इंडिकेटर लावून बसस्टॉपपुढे उभा. हवालदार दिसला की पुन्हा चक्कर. त्याला निदान भूक लागते, घरी जायचं असतं. यंत्राला यातलं काहीच नाही. विजेवर रेंगाळणं पार्किंगच्या दरापेक्षा स्वस्त पडलं, तर गाडी दिवसभर रेंगाळेल. तुमचे मजले रिकामे होतील, पण गर्दी खाली रस्त्यावर.

दादरचा बाबू
पहाटेच्या फुलबाजारात हातगाडीवाला उलट्या बाजूने येतो, त्याला वाट देऊन दाखवा म्हणावं. हिंदमाताला पाणी भरल्यावर रस्त्यावरचे पट्टेही शोधून दाखवा. मग मजल्यांचं बघू.

गिरगावकर
बाबूशेठ, पावसाचं मान्य. पण पार्लेकरीणबाई, रेंगाळण्यावर उपाय आहे. सिंगापूर १९९८ पासून गर्दीच्या रस्त्यांवर इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पैसे घेतं. रिकाम्या गाडीला दुप्पट दर लावा, मुकाट पार्किंगमध्ये जाईल.

पार्लेकरीण
लावणार कोण? ऑक्टोबर २०२४ मध्ये निवडणुकीच्या तोंडावर मुंबईच्या पाचही नाक्यांवर लहान गाड्यांचा टोल माफ झाला. आहे तो टोल सोडणारे नवा लावतील? आणि पार्किंगमध्ये गेल्या तरी शांतता नाही. सॅन फ्रान्सिस्कोत २०२४ मध्ये वेमो कंपनीच्या ड्रायव्हरलेस टॅक्सी, रिकाम्या असताना, मध्यरात्री आवारात एकमेकींना हॉर्न देत होत्या, शेजाऱ्यांची झोप उडाली. एवढ्या बाबतीत त्या मुंबईला शोभतील.

सोसायटीचा सेक्रेटरी
दर-टोल राहू द्या. गिरगावकर, रॅम्प वेगळा काढायला तुमचा प्लॉट केवढा? चाळीच्या जागेत तो बसत नाही, कार लिफ्ट लावावी लागते. लिफ्ट म्हटली की दरमहा मेन्टेनन्स, आणि वीज गेली की सगळ्यांच्या गाड्या वर अडकल्या. गाडी स्वतः चालली तरी लिफ्टचा ऑपरेटर आपल्यालाच ठेवावा लागेल. बिल्डरकडून निदान दहा वर्षांचा मेन्टेनन्स करारात लिहून घ्या.