शॉवरला पाण्याचा जोरच नाही, सोमवारी टाइल्स लागणार, लवकर सांगा

सुदामानगर_इंदूर: नमस्कार, वरच्या मजल्याचं बाथरूम नवीन करतोय. भिंत छिलून नवीन डायव्हर्टर (पाणी नळाला की शॉवरला ते वळवणारा वॉल्व्ह) बसवला, ८ इंची गोल शॉवर आणला आणि काल चालू केला तर मधल्या चार भोकांतून नुसतं ओघळतंय, डोक्यावरचा शॅम्पूसुद्धा निघणार नाही. प्लंबर म्हणतो शॉवर बदला, दुकानदार म्हणतो प्लंबरचं चुकलंय. सोमवारी टाइलवाला येणार, एकदा भिंत बंद झाली की संपलंच. काय करू?

जुना_इंदुरी: टंकी किती वर आहे? पाइप जीआयचा (जुना लोखंडी) की सीपीव्हीसी (प्लास्टिकचा)? पाणी नर्मदेचं की बोरिंगचं? बाकीचे नळ कसे चालतात? यातलं काहीच लिहिलं नाही तर कोण काय सांगणार.

रामबागकर: दादा सरळ अर्ध्या एचपीचा प्रेशर पंप लावा. आम्ही लावला तेव्हापासून तिन्ही बाथरूममध्ये पाणी नुसतं धो धो. बाकी विचारच करू नका.

जुना_इंदुरी: कारण न शोधता पंप? पाइप चोक असेल तर पंप काय करणार, आणि लाइट गेली की परत बादलीच.

रामबागकर: लाइट आता जाते कुठे एवढी. स्वतः वापरतोय म्हणून सांगतोय.

बडोद्याची_मावशी: टाइल्स जमिनीला मॅटच घ्या हं. आमच्याकडे गुळगुळीत लावल्या होत्या, सासूबाई घसरल्या आणि दोन महिने अंथरुणात होत्या. दिसायला छान दिसतात म्हणून घेऊ नका.

सराफा_ते_विजयनगर: शॉवर रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, सगळा क्षार निघतो. मी दर दोन महिन्यांनी करते.

जुना_इंदुरी: ताई, शॉवर कालच बसवलाय, त्यात क्षार कुठून आला.

सुदामानगर_इंदूर: मी दादा नाही, ताई आहे. जमिनीला मॅटच आणल्यात मावशी. टंकी बाथरूमच्या बरोबर वर गच्चीवर आहे, ३ फुटी स्टँडवर. पाणी मिक्स, नर्मदा एक दिवसाआड येते म्हणून बोरिंगचं भरावंच लागतं. खाली सासूबाईंकडे नळ एकदम जोरात चालतो, म्हणजे पाइप ठीकच असणार ना? वरचं बेसिन हळू चालतं पण ते पहिल्यापासून तसंच आहे.

नळ_आणि_गळती: अहो, बेसिनचं हे आधीच लिहायला हवं होतं! खालच्या मजल्याला दहा फूट उंची जास्त मिळते म्हणून तिथे जोर दिसतो, त्यावरून वरच्या पाइपची परीक्षा होत नाही. पाण्याची उंची १० मीटर असेल तर १ बार दाब, तुमच्या शॉवरपासून टंकीतल्या पाण्यापर्यंत जेमतेम आठ फूट, म्हणजे पाव बारच्या आत. एवढ्यावर ८ इंची शॉवर चालणं कठीणच, त्याच्या भोकांची संख्याच केवढी. आता एक करा, शॉवर काढून नुसत्या पाइपखाली १० लिटरची बादली लावा, किती वेळात भरते बघा, मग गच्चीवर टंकीच्या तोंडाशी तेच करा.

राजवाडा_काका: १९७८ मध्ये नर्मदा इंदूरला आली त्याआधी पाण्याचे काय हाल होते ते आम्हाला विचारा. नर्मदाकाठच्या जलूदहून सत्तर किलोमीटर पाणी चढवून आणतात, बादलीने अंघोळ करावी, शॉवरची गरज काय?

सुदामानगर_इंदूर: काका, सासऱ्यांचा गुडघा बदललाय, त्यांना वाकून पाण्याचा मग उचलता येत नाही. त्यांच्यासाठीच शॉवर बसवतोय.

बादली लावली. शॉवर काढूनही अडीच मिनिटं लागली, गच्चीवर २० सेकंद! मग प्लंबरला टंकीकडून येणारा जुना जीआय पाइप कापायला लावला. आत तांबडा गंज आणि त्यावर पांढरे थर, भोक एवढंच उरलंय की माझी पेन्सिल अडकून बसली. प्लंबरने नवीन पाइप याच जुन्याला जोडला होता.

नळ_आणि_गळती: मग हाच रोग. टंकीपासून वेगळी १ इंची सीपीव्हीसी उतरवा, डायव्हर्टरपर्यंत पाऊण इंची, कोपरे कमीत कमी. गीझरची लाइनसुद्धा जुन्यावरून घेऊ नका. शॉवर ४ इंची घ्या. जोडण्याआधी पाइप दोन बादल्या पाणी सोडून धुऊन काढा, नाहीतर कापलेल्या पाइपचा कीस डायव्हर्टरच्या जाळीत अडकतो. टाइल्स लावण्याआधी तोंडं बंद करून हातपंपाने लाइनची प्रेशर टेस्ट करून घ्या, आणि उघड्या भिंतीला टेप लावून फोटो काढा, पुढे ड्रिल मारताना कामाला येतो.

रामबागकर: गच्चीवर टंकीजवळ पंपाला जागा आणि लाइटचा पॉइंट तरी काढून ठेवा. नंतर तोडफोड नको.

जुना_इंदुरी: हे मात्र पटलं. लावलाच तर टंकीच्या पुढे, नर्मदेच्या लाइनवर सरळ कधीच नाही.

सुदामानगर_इंदूर: टाइलवाल्याला बुधवारवर ढकललंय. पाइप आणायला उद्या सियागंज बाजारात जातेय. ८ इंची शॉवर दुकानदार परत घेईना, पण पंपाचा पॉइंट काढतोच आहोत तर तो राहू दे, पंप लागला की लावू. सासऱ्यांसाठी ४ इंची, आणि सोबत हँड शॉवर पण घेऊ का? त्याला पाइप वेगळा लागतो का तेवढं सांगा.

नळ_आणि_गळती: घ्याच, बसून अंघोळीला तोच सोयीचा, आणि खाली धरला की जोरही जास्त मिळतो. डायव्हर्टरला त्याचं तोंड आहे का बघा. नसेल तर भिंत उघडी आहे तोवर टी (तीन तोंडांचा जोड) टाकून घ्या.