मुंबई ते न्यूयॉर्क 12,500 किमी, मग 16 तास कसे?

ऐरोलीकर
आईसाठी जूनचं मुंबई ते जेएफके (न्यूयॉर्कचा विमानतळ) थेट तिकीट बघतोय. अंतर 12,500 किमी दिसतं. ताशी 900 किमी धरले तर 14 तास व्हायला हवेत. तिकिटावर निघायची वेळ रात्री 1:30, पोचायची त्याच दिवशी सकाळी 7:55. नक्की किती तास बसायचं? तिचे गुडघे दुखतात, मधे थांबा घेतलेला बरा का?

नकाशावेडा
तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. जूनमध्ये न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे. इथे रात्रीचा दीड, तेव्हा तिथे आदल्या दिवशीचे दुपारचे चार. तिथून सकाळी 7:55 पर्यंत 15 तास 55 मिनिटं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत फरक साडेदहा तासांचा होतो, तेव्हा हिशेब हमखास चुकतो.

आता अंतर. 12,500 हे गोलावरचं सर्वांत जवळचं अंतर. घरातल्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा: तो सरळ पश्चिमेला जातच नाही, मॉस्को, नॉर्वेतलं ट्रॉन्डहाइम आणि ग्रीनलंडचं दक्षिण टोक यांच्या जवळून जातो. विमानाला हा दोरा मिळत नाही. पाकिस्तानने एप्रिल 2025 मध्ये भारतीय कंपन्यांसाठी हवाई हद्द बंद केल्यावर त्यांना आधी अरबी समुद्रावरून ओमानकडे जावं लागलं. शिवाय वरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणजे जाताना तोंडावर. समजा रस्ता 13,200 किमी झाला आणि जमिनीवरचा वेग सरासरी 850 पडला, तर साडेपंधरा तास इथेच गेले. उरलेली वीस-पंचवीस मिनिटं धावपट्टीपर्यंत जाण्यात आणि उतरल्यावर गेटला लागण्यात. तिकिटावरची वेळ गेट ते गेट असते. परतीला तोच वारा पाठीशी, म्हणून तासभर तरी वाचतो.

घोडबंदर_रोड
थांब्याबद्दल: लंडनमार्गे अंतर फक्त दोनेकशे किमी वाढतं, 7,200 अधिक 5,540. वेळ खातो तो मधला मुक्काम. दुबईमार्गे तीन तास, मग थांबा, मग पुन्हा जवळपास 14 तास. म्हणजे मोठी बैठक टळतच नाही! गुडघ्यांसाठी थांबा हवाच असेल तर लंडन बरं, दोन्ही तुकडे त्यातल्या त्यात सारखे. अबू धाबीमार्गे गेल्यास अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच होतं, त्यामुळे तिथे दोन तासांचा थांबा घेऊ नका, किमान साडेतीन ठेवा. काहीही घ्या, दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर (बुकिंग क्रमांकावर) हवीत. वेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही.

माझं मत थेट विमानाचंच. एकट्या बाईमाणसाला अनोळखी विमानतळावर गेट शोधायला लावू नका. व्हीलचेअर किमान 48 तास आधी नोंदवा आणि कडेची सीट घ्या, म्हणजे दर दीड-दोन तासांनी कुणाला न उठवता फेरी मारता येईल.

ऐरोलीकर
थेटच काढतो. घरून किती वाजता निघू?

नकाशावेडा
आधी तिकिटावरचा कोड बघा. बीओएम म्हणजे सहार, एनएमआय म्हणजे उलव्याचा नवा विमानतळ. सहार असेल तर आदल्या रात्री साडेदहाला टर्मिनल 2 वर पोचायचं, म्हणून नऊला निघा. ऐरोली पूल, मग पूर्व द्रुतगती मार्ग, मग जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड). पवईला रात्रीही गाड्या तुंबतात, आणि जूनमध्ये पाऊस असेल तर साडेआठ.